नदीकाठची जिवंत भिंत

शेवग्याची किंवा पांगाऱ्याची हातभर फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचून ठेवली, तर काही दिवसांनी तिला पालवी फुटते. मातीखाली मुळेही फुटलेली असतात. कुंपणाला खुंट म्हणून रोवलेल्या फांद्यांची दोन-चार वर्षांत झाडे झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. वर्गात आपण याला शाकीय पुनरुत्पादन म्हणतो, उसाचे आणि गुलाबाचे उदाहरण देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण फांदीच्या या साध्या गुणधर्माचा उपयोग करून माणसाने ढासळणारे नदीकाठ बांधून काढले आहेत. ओल्या फांद्यांची रांग, जुडी किंवा चौकट करून ती काठात पुरायची, तिला मुळे फुटू द्यायची आणि त्या मुळांनीच माती धरून ठेवायची, अशी ही युक्ती आहे. अशा बांधकामाला आपण 'जिवंत भिंत' म्हणू.

ही विद्या किमान साडेचारशे वर्षे तरी लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. असे असूनही विसाव्या शतकाच्या मध्यावर ती जवळजवळ बाजूला पडली आणि नंतर पुन्हा शोधल्यासारखी पुढे आली. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नदीविषयी, मुळांविषयी आणि थोडे आपल्या स्वभावाविषयीही काही गोष्टी कळतात.

काठ ढासळतो म्हणजे काय होते?

आधी काठ कसा पडतो ते पाहू. नदी किंवा ओढा वळतो तेथे बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त असतो. हे पाणी काठाच्या तळाची, म्हणजे पायथ्याची माती आधी खाते. वरचा भाग मग छज्जासारखा पुढे आलेला राहतो. पूर असेपर्यंत बाहेरच्या पाण्याचा दाब काठाला थोडाफार आधार देत असतो. पूर ओसरला की हा आधार जातो, पण माती मात्र पाणी पिऊन जड झालेली असते. अशा वेळी काठाला भेग पडते आणि मोठी ढेप खाली कोसळते. म्हणूनच अनेक काठ भर पुरात पडत नाहीत, ते पूर उतरल्यावर पडतात. शेतकऱ्यांना हे अनुभवाने माहीत असते.

मातीचा एक दोष येथे लक्षात घ्यायला हवा. माती दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. काँक्रीटचेही तसेच आहे, म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात. मातीत हे सळ्यांचे काम मुळे करतात. ढेप घसरू लागली की भेगेच्या आरपार गेलेली मुळे ताणली जातात आणि तिला धरून ठेवतात. जमिनीवरच्या फांद्या आणि पाने दुसरे काम करतात. पुरात त्या वाकतात, काठाला लागून वाहणाऱ्या पाण्याचा वेग कमी करतात. वेग कमी झाला की पाण्यातला गाळ तेथेच बसतो. म्हणजे नदी जी माती खाऊन नेत होती, त्याच ठिकाणी ती माती आणून टाकू लागते. लव्हाळ्याच्या बेटात पूर ओसरल्यावर साचलेला गाळ पाहिला, तर हे पटेल.

ल्यू थिएनहचे सहा प्रकार

या विद्येचा एक जुना आणि तपशीलवार लेख चीनमधला आहे. ह्वांग हो ही नदी वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक, पिवळ्या मातीच्या पठारातून वाहते. ही माती पाण्यात सहज विरघळल्यासारखी होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत होती. मैदानात आल्यावर हा गाळ पात्रात बसतो, पात्र वर येते, आणि दोन्ही बाजूंचे मातीचे बांध उंच उंच करत जावे लागतात. बांध फुटला, तर पाणी आजूबाजूच्या सखल प्रदेशात पसरते. त्यामुळे बांध राखणे हे तेथील राज्यकर्त्यांचे मोठे काम होते.

बांधाला पडलेले खिंडार बुजवण्यासाठी फांद्या, गवत आणि ज्वारीच्या जातीच्या धान्याची ताटे यांचे प्रचंड भारे मातीसह वळून पाण्यात लोटत. हे भारे फार उपयोगी पडत, पण काही वर्षांत कुजत आणि पुन्हा नवे घालावे लागत. दरवर्षी यासाठी लागणारे साहित्य आणि माणसे गोळा करणे हा रयतेवर मोठा बोजा होता.

१५३० च्या दशकात ल्यू थिएनह हा अधिकारी नदीच्या कामांचा प्रमुख होता. त्याने आपले अनुभव एका ग्रंथात लिहून ठेवले. त्यात विलो या झाडाच्या लागवडीच्या सहा पद्धती सांगितल्या आहेत. पहिली 'आडवा विलो'. बांध घालताना मातीच्या प्रत्येक थरावर बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या आडव्या ठेवायच्या, टोक थोडेसे बाहेर राहू द्यायचे आणि वर पुढचा थर टाकायचा. दुसरी 'बुटका विलो', म्हणजे तयार बांधाच्या उतारावर आखूड फांद्या खोचायच्या. तिसरी 'विणलेला विलो'. यात विलोचे खुंट ओळीने रोवून त्यांमध्ये फांद्या कुडासारख्या विणतात आणि मागे माती भरतात. चौथी 'खोल विलो'. जेथे प्रवाह थेट काठावर आदळतो, तेथे लोखंडी टोकाच्या दांड्याने खोल भोके पाडून लांब फांद्या खाली सोडायच्या. पाचवी 'पसरलेला विलो', म्हणजे पुराचे पाणी चढते त्या सखल भागात दाट लागवड करून गाळ अडवायचा. सहावी पद्धत म्हणजे बांधालगत उंच वाढणारी झाडे लावण्याची.

या यादीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले, तर एक गोष्ट जाणवते. ल्यूने काठावरच्या वेगवेगळ्या संकटांचे वर्गीकरण केले आहे. पावसाने धुपणारा उतार, लाटांचा मारा, थेट आदळणारा प्रवाह आणि पसरणारा पूर यांना त्याने वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आजची या विषयावरची पाठ्यपुस्तकेही साधारण अशीच मांडणी करतात.

आल्प्समधील चौकट

युरोपात ही विद्या डोंगराळ प्रदेशात वाढली. आल्प्स पर्वतातील जंगले तुटल्यावर तेथील ओढे पावसाळी दगडगोट्यांचे लोंढे आणून गावेच्या गावे गाडू लागले. फ्रान्सने १८६० मध्ये डोंगरांवर पुन्हा वने उभी करण्याचा कायदा केला. ऑस्ट्रियाने १८८४ मध्ये अशा ओढ्यांच्या बंदोबस्तासाठी कायदा करून स्वतंत्र सरकारी खाते उभारले. या कामात घळींमध्ये विणलेल्या फांद्यांचे आडवे कूड, फांद्यांच्या जुड्या आणि लाकडी चौकटी यांचा वापर होत असे.

त्यातील लाकडी चौकटीची भिंत समजून घेण्यासारखी आहे. ओंडके उभे-आडवे एकावर एक रचून काठाला टेकून मोठा पेटारा करतात. त्यात दगड-माती भरतात आणि भरताना ओंडक्यांच्या फटींतून विलोच्या ओल्या फांद्या आडव्या घालतात. त्यांचे मागचे टोक मूळच्या काठाच्या मातीपर्यंत पोचलेले असते. सुरुवातीला सगळा भार ओंडके पेलतात. पुढे ओंडके कुजू लागतात, पण तोवर फांद्यांची मुळे मातीत पसरलेली असतात. अखेरीस ओंडके मातीत मिसळून जातात आणि काठ मुळांच्या ताब्यात राहतो.

लाकडाने आपला भार मुळांकडे सोपवायचा, हे या रचनेचे मर्म आहे. लाकूड ज्या वेगाने कुजते, त्याहून जास्त वेगाने मुळे वाढली पाहिजेत. म्हणजे बांधणाऱ्याला लाकडाइतकीच झाडाचीही ओळख हवी. दगडी किंवा काँक्रीटची भिंत पहिल्या दिवशी सर्वांत मजबूत असते आणि पुढे हळूहळू झिजते. जिवंत भिंतीचे उलट असते. पहिल्या दिवशी ती सर्वांत कमकुवत असते आणि वर्षागणिक बळकट होत जाते. तिच्या बाबतीत वाट पाहणे हा बांधकामाचाच एक भाग आहे.

भिंत बाजूला का पडली?

नेमकी हीच गोष्ट विसाव्या शतकात तिच्या आड आली. अभियंत्याला काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा असतो. काँक्रीटच्या भिंतीची ताकद आकडेमोड करून आधीच सांगता येते. झाड किती मुळे धरेल, हे कोण लिहून देणार? फांद्या तोडायच्या त्या झाड सुप्तावस्थेत असताना, म्हणजे थंडीत. काम ठरलेल्या हंगामातच करावे लागते आणि माणसे भरपूर लागतात. यंत्रे स्वस्त आणि मजुरी महाग होत गेली, तशी ही पद्धत परवडेनाशी वाटू लागली.

अमेरिकेतील तीन उदाहरणे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये व्हरमाँट राज्यात महापूर आला, त्यात ८४ माणसे दगावली. तेथील विनूस्की नदीच्या काठांवर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मृदसंधारण खात्याने विलोची लागवड, फांद्यांच्या चटया आणि पायथ्याला दगड अशा मिश्र पद्धतीने काम केले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स क्रेबेल हे वनसंशोधक डोंगरी रस्त्यांच्या ढासळत्या उतारांवर समपातळीत चर खणून त्यांत फांद्यांच्या जुड्या पुरत होते. त्यांची पुस्तिका १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. हा मंदीचा काळ होता. बेकार तरुणांना कामे देण्याच्या सरकारी योजनेमुळे हात भरपूर उपलब्ध होते.

तिसरे उदाहरण लॉस एंजेलिस नदीचे. १९३८ च्या पुरानंतर सुमारे ८२ किलोमीटर लांबीच्या या नदीचा बहुतेक भाग काँक्रीटच्या पन्हळीत बंदिस्त करण्यात आला. पूर लवकर वाहून जावा हा हेतू साध्य झाला, पण नदीतले जीवन गेले आणि जमिनीत मुरणारे पाणी कमी झाले. गुळगुळीत भिंतीमुळे पाण्याचा वेग वाढतो, हे येथे लक्षात ठेवायला हवे. अशी भिंत एखाद्या ओढ्याच्या थोड्याच भागाला बांधली, तर ती जेथे संपते तेथे खालच्या बाजूचा काठ हा वाढलेला वेग सोसतो. एका शेताचा प्रश्न सुटून शेजाऱ्याच्या शेतात जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मजूर महाग झाले, माती हलवणारी अवजड यंत्रे आली आणि जिवंत भिंतीचे काम मागे पडले. विनूस्कीच्या काठांची १९९० च्या दशकात पुन्हा पाहणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी ते जुने काम अजून काठ राखून होते. ज्या कामाची कुणाला आठवणही राहिली नव्हती, ते तोपर्यंत नदीकाठचे साधे रान दिसू लागले होते. पडलेली भिंत सर्वांना दिसते, पण वाढलेल्या भिंतीचे झाड झाले की तिला कुणी भिंत म्हणत नाही. तिचा विसर पडण्याचे हेही एक कारण असावे.

मुळांचे गणित

जर्मन भाषिक प्रदेशात मात्र ही परंपरा तुटली नाही. आर्थर फॉन क्र्यूडेनर यांनी १९५१ मध्ये आपल्या पुस्तकाला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'अभियांत्रिकी जीवशास्त्र' असा होतो. ऑस्ट्रियाच्या हुगो शिख्टल यांनी आल्प्समधील वनस्पतींच्या मुळांचा आणि बांधकामाच्या पद्धतींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७३ मध्ये आले आणि १९८० मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर झाल्यावर ही माहिती जगभर पोचली.

अभियंत्यांना हवे असलेले गणित आले ते अमेरिकेतून. अलास्कातील प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर जंगलतोडीनंतर दरडी वाढत होत्या. टिएन वू या मृदायांत्रिकीच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह तेथील मुळांची ताकद मोजली. झाड तोडल्यावर मुळे कुजत जातात आणि काही वर्षांत उताराची ताकद घटते, हे त्यांनी दाखवून दिले. १९७९ च्या त्यांच्या लेखातील सूत्र अगदी सोपे आहे. मुळांमुळे मातीला मिळणारी जादा ताकद ही मुळाची ताणशक्ती आणि मातीच्या छेदात मुळांनी व्यापलेला भाग यांच्या गुणाकाराच्या साधारण १.२ पट असते.

एक उदाहरण करून पाहू. समजा, मूळ दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताण सोसते. एक चौरस मीटर मातीच्या छेदात मुळांचा वाटा फक्त ०.१ टक्का आहे, म्हणजे १,००० चौरस मिलिमीटर. २० गुणिले १,००० म्हणजे २०,००० न्यूटन आणि त्याच्या १.२ पट म्हणजे २४,००० न्यूटन. हे बळ सुमारे अडीच टन वजनाएवढे झाले! हजार भागांत एक भाग मुळे, आणि परिणाम एवढा मोठा.

पण हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. सूत्रात सगळी मुळे एकाच क्षणी तुटतात असे धरले आहे. प्रत्यक्षात दोऱ्यांचा जुडगा ओढल्यावर जसे होते तसे होते. आधी एक तुटतो, मग त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, मग दुसरा तुटतो. नताशा पोलन आणि अँड्रयू सायमन यांनी २००५ मध्ये हे गणितात आणले आणि वूंचे सूत्र ताकद वाढवून सांगते, हे दाखवले. विज्ञानात असे होतच असते. आधीच्या सूत्राने प्रश्न मोजण्याच्या कक्षेत आणला, नंतरच्याने मोजमाप सुधारले. या गणितामुळे मुळांचे काम अभियंत्याच्या कागदावर आकड्यात मांडता येऊ लागले आणि जिवंत भिंतीला सरकारी कार्यालयात प्रवेश मिळाला. जपानच्या बांधकाम मंत्रालयाने १९९० मध्ये निसर्गाला धरून नदीकामे करण्याचे धोरण जाहीर केले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९६ मध्ये नदीकाठांच्या संरक्षणावरील आपल्या अभियांत्रिकी हस्तपुस्तिकेत या पद्धतींना सविस्तर जागा दिली.

ही भिंत काय करू शकत नाही?

जिवंत भिंत म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. काठ उंच असेल आणि मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतील, तर पाणी खालून माती खात राहते आणि झाडासकट काठ पडतो. म्हणून पायथ्याला दगड किंवा ओंडके घालावेच लागतात. नेहमी पाण्याखाली राहणाऱ्या भागात बहुतेक झुडपे जगत नाहीत. काठाला लागून पूल किंवा घर असेल, तर मुळे वाढण्याची वाट पाहणे शक्य नसते. तेथे दगड-काँक्रीटच हवे. आणि पहिली दोन-तीन वर्षे गुरांनी कोवळे फुटवे खाल्ले किंवा कोणी सरपणासाठी फांद्या नेल्या, तर भिंत उभीच राहत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. युरोपात थंडीत पुरलेल्या फांद्यांना वसंत ऋतूत मुळे फुटतात. आपल्याकडे वर्षाचे बहुतेक पाणी चार महिन्यांत येते. जूनमध्ये फांदी पुरली, तर तिला मुळे फुटायच्या आतच जुलैचा पूर येऊन ठेपतो. भिंत सर्वांत कमकुवत असते तेव्हाच तिची सर्वांत कठीण परीक्षा होते. म्हणून तिकडचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालणार नाही. पूर ओसरल्यावर, ओल असताना काम करायचे आणि उन्हाळ्यात पाणी देऊन जगवायचे, म्हणजे पुढच्या पुरापर्यंत सात-आठ महिने मिळतात. हा खर्च आधीच हिशेबात धरायला हवा.

साहित्य मात्र आपल्याकडे आहे. विलोच्या कुळातले वाळुंज हे झाड आपल्या ओढ्या-नद्यांच्या काठी मुळातच वाढते. निर्गुडी फांदीपासून लागते. वाळा तर आपण उन्हाळ्यात माठात टाकतो. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली खोल जातात आणि त्याच्या दाट ओळी गाळ अडवतात. कर्नाटकातील काही भागांत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या बांधावर वाळ्याच्या ओळी लावत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेत काम करणाऱ्या जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी भारतातील कामातून वाळ्याचा धूप थांबवण्यासाठी प्रसार सुरू केला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. तरीही २००५ च्या मुंबईतील प्रलयानंतर मिठी नदीला जशा भिंती बांधण्यात आल्या, तशाच भिंती काठाचे संरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतात. दाट वस्तीत त्या अटळ असतीलही. गावाबाहेरच्या ओढ्याला त्या लागतातच का, हे प्रत्येक ठिकाणी विचारायला हवे.

वर्गासाठी

एक प्रयोग सहज करता येईल. सारख्या आकाराचे चार ट्रे घ्या. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून एका टोकाला खाच पाडा. चारही ट्रेंमध्ये सारखीच माती भरा. पहिल्या ट्रेमध्ये गहू किंवा मेथी दाट पेरा, दोन आठवड्यांनी दुसऱ्यात, आणखी एका आठवड्याने तिसऱ्यात. चौथा रिकामा ठेवा. तिसऱ्यात पेरणी झाली त्याच दिवशी चारही ट्रे सारख्या उताराला ठेवून झारीने प्रत्येकावर सारखेच पाणी ओता. खाली येणारे गढूळ पाणी वेगवेगळ्या भांड्यांत धरा, गाळ बसू द्या, वाळवून वजन करा. तीन आठवड्यांची, एका आठवड्याची आणि आजची पेरणी यांत किती फरक पडतो ते मुलांना आकड्यांत दिसेल. आजच पेरलेला ट्रे आणि रिकामा ट्रे यांत फारसा फरक नसेल. तो का नाही, हे मुलांनाच विचारा.

शाळेजवळ ओढा असेल, तर दुसरा उपक्रम अनेक वर्षे चालवण्याजोगा आहे. काठाच्या कडेपासून पाच मीटर आत चार-पाच खुंट्या पक्क्या ठोका. काही झाडोऱ्यामागे, काही उघड्या काठामागे. दर मे महिन्यात आणि दर नोव्हेंबरात खुंटीपासून काठाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. मोजताना मुलांना कडेपासून दूर उभे करा, मोठ्या माणसाने टेप धरावा. एका वर्षात कदाचित काहीच कळणार नाही. पाच वर्षांची नोंद झाली की आपल्या ओढ्याबद्दल गावात इतर कुणाकडे नसेल अशी माहिती त्या वहीत असेल. पुढे कधी तेथे भिंत बांधण्याचा विषय ग्रामसभेत निघाला, तर ती वही घेऊन जाता येईल.